साठीनंतरचं संमतीपत्र

ऑक्टोबर आला की आमच्या मराठी मंडळात रंगांची साथ येते. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांच्या फोनवर लाल-केशरी झाडांचे फोटो येतात, ते पुढं आम्हा सगळ्यांच्या फोनवर येतात, आणि आपणही कुठंतरी जाऊन असंच काहीतरी पाहिलं पाहिजे असं लोकांना वाटायला लागतं. अशाच एका लाटेत आमच्या रविवारच्या डोंगरफेऱ्यांना ‘शरद रंगोत्सव’ हे नाव पडलं. मी सभेत सांगितलं की हैदराबादच्या आसपास पानगळ होते ती होळीच्या आधी. दसऱ्याच्या सुमाराला इथली झाडं वर्षातली सगळ्यात हिरवी असतात. कार्यवाह म्हणाले, “काकू, भावना समजून घ्या ना.” मी समजून घेतली. झाडांना मात्र ती कुणी कळवली नसावी.

रंग असतात, पण ते पानांत नसतात. पाऊस संपला की खडकांमधलं कुसळाचं गवत तांबूस होतं. तरवड पिवळाधमक फुलतो, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे डोकं वर काढतात, आणि खाली तळ्यांच्या कडेचा भात पोपटी सोडून सोनेरी व्हायला लागतो. हे बघायला मी अकरा वर्षं दर शरदात चार-पाच रविवार जाते आहे. सुरुवातीला आम्ही चौघं होतो. तारनाक्याला भेटायचं, मिळेल ती बस धरायची, वर जाऊन दशम्या खायच्या आणि दुपारी घरी यायचं. या उद्योगाला नाव नव्हतं. नाव पडलं की बॅनर लागतो, बॅनर लागला की प्रमुख पाहुणे लागतात, आणि पाहुण्यांना शाल लागते. ऑक्टोबरच्या उन्हात, डोंगराच्या पायथ्याशी, शाल.

तेही मी सोसलं. मंडळाचा केशरी टी-शर्टसुद्धा घातला. मग यंदा फॉर्म आला.

साठीच्या पुढच्या सभासदांनी मुलाची किंवा मुलीची सही आणायची होती. मजकूर असा: ‘माझ्या आई/वडिलांच्या प्रकृतीची मला पूर्ण कल्पना असून त्यांना डोंगरावर पाठवण्यास माझी हरकत नाही.’ कारण दिलं होतं गेल्या वर्षीच्या अपघाताचं. गेल्या वर्षी पाय मुरगळला होता तो एका चाळिशीच्या गृहस्थांचा, तोही खडकाच्या टोकावर उलटं चालत स्वतःचा फोटो काढताना. त्यांच्या आईवडिलांची सही कुणी मागितली नव्हती.

मी कार्यवाहांना फोन लावला. ते मूळचे पुण्याचे, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि प्रत्येक गोष्टीची ‘प्रोसेस’ असते यावर त्यांची श्रद्धा आहे.

“काकू, फॉर्मॅलिटी आहे हो नुसती.”

“नुसती आहे तर नक्को.”

“असं कसं? उद्या काही झालं तर?”

“झालं तर मला होईल. सही मी करते.”

“तुमची नाही चालणार. तुम्ही पार्टिसिपंट आहात.”

“माझ्या नावावर घर आहे, पेन्शन मी उचलते, मत मी देते. आणि डोंगरासाठी मुलगा?”

“काकू, तुम्ही पर्सनली घेताय.”

“माझे पाय आहेत. कसे घेऊ?”

इथवर मला गंमतच वाटत होती. मुलगा सही करेल याची खात्री होती आणि तरी मी ती घेणार नाही, असा माझा बेत होता. गंमत संपली ती घरी.

मुलगा आणि सून माझ्याकडंच राहतात. रात्रीच्या जेवणाला बसताना मुलानं तो कागद उचलला आणि हसला. “घे, करतो सही. पेन कुठंय?” मग त्यानं मजकूर वाचला. परत वाचला. पेन हातातच राहिलं.

“आई, गुडघ्याचं काय म्हणाले होते डॉक्टर?”

“चालत राहा म्हणाले.”

“चालत म्हणजे बागेत. हे खडक आहेत.”

“अकरा वर्षं खडकच आहेत ते.”

“हो, पण आता सदुसष्ट झालीस तू. खरंच गेलंच पाहिजे का?” त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. “विचार करतो.”

विचार करतो! या मुलानं अकरा वर्षांत मी कुठल्या डोंगरावर जाते हेही विचारलं नव्हतं. एका कागदानं त्याला सांगितलं की ही बाई तुझ्या हरकतीवर चालते, आणि त्याला ते पटलं. वाईट मुलगा नाही तो. पण अधिकार असा असतो, कुणी हातात दिला की माणूस वापरून बघतो. मी नोकरीला लागले तेव्हा वडिलांना विचारलं होतं. बदली स्वीकारताना नवऱ्याला विचारलं होतं. दोघंही गेले, त्यानंतर जे काही उरलं ते माझं, असा माझा समज होता. आज मी या सहीसाठी थांबले, तर उद्या अफझलगंजला जुनी पुस्तकं बघायला जातानाही थांबावं लागेल, हे मला त्या जेवणाच्या टेबलावर स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या मूळ चौघांपैकी एकांचा फोन आला. सिकंदराबादला राहतात, रेल्वेत गार्ड होते. आयुष्यभर यांच्या झेंड्याशिवाय गाडी हलली नाही.

“मुलगी नाही म्हणते,” ते म्हणाले. “मी आपला घरीच बसतो या वर्षी.”

“आणि पुढच्या?”

“पुढच्याचं पुढच्या वर्षी. तुम्ही काय करताय?”

“मी जाते आहे.”

“फॉर्मशिवाय? घेणार नाहीत तुम्हाला.”

“डोंगर घेईल.”

हे बोलणं सोपं होतं. रविवारी पहाटे उठून एकटीनं निघणं तितकं सोपं नव्हतं. फ्रिजवर चिठ्ठी लावली: ‘डोंगरावर जाते आहे. दुपारी जेवायला आहे.’ उप्पलहून बस धरली, फाट्यावर उतरले, पुढं रिक्षा केली. मंडळाची बस डोंगराच्या पूर्वेला थांबते, कारण तिथं बॅनर लावायला दोन खांब आहेत. मी पश्चिमेच्या पाऊलवाटेनं निघाले.

बतुकम्माचे दिवस होते. वाटेवर गावातल्या बायका त्या सणासाठी तरवडाची फुलं तोडत होत्या. ते लोक त्याला तंगेडू म्हणतात. त्यातल्या एकीचं वय माझ्याहून थोडं जास्तच असावं. कमरेला विळा, डोक्यावर पिवळाधमक भारा. माझ्या मोडक्यातोडक्या तेलुगूवर ती आधी मनसोक्त हसली, मग विचारलं, “एकटीच का, अम्मा?”

“एकटीच. तुम्ही घरी विचारून आलात का, मुलाला?”

तिला प्रश्न कळायला वेळ लागला. माझ्या तेलुगूमुळं लागला असं मी धरून चालले होते, पण तसं नव्हतं.

“तो झोपलाय,” ती म्हणाली. “त्याला उठवून विचारू?”

आणि तिनं मला दोन सीताफळं दिली, वर गेल्यावर खा म्हणून.

मध्ये एक लांब निसरडा खडक आहे. दरवर्षी तिथं कुणीतरी हात द्यायचं. यंदा हात नव्हता. मी तिथं उभी राहिले आणि मला भीती वाटली, हे लिहून ठेवते. धाडसाच्या गोष्टी सांगणारे लोक हा भाग गाळतात. मुलगा बरोबर असण्याची शक्यता मी पाच मिनिटं प्रामाणिकपणे तपासली. मग खाली बसले आणि बसूनच, हातांवर जोर देत, मागं सरकत सरकत तो खडक चढले. शोभा काहीच नव्हती. सलवारीला शेकडो कुसळं चिकटली. वरच्या टोकाला पोचल्यावर गुडघ्यानं त्याचं म्हणणं सांगितलं, मी ऐकून घेतलं, आणि आम्ही दोघं पुढं गेलो.

माथ्यावर कुणी नव्हतं. तांब्याच्या रंगाचं गवत वाऱ्यानं एका अंगावर लवत होतं आणि उतारावर तरवडाचे पिवळे ठिपके होते. पूर्वेला पायथ्याशी केशरी ठिपके: मंडळ. ध्वनिक्षेपकाची खरखर वरपर्यंत येत होती. पाहुणे उशिरा आले असावेत, कारण माझी दोन्ही सीताफळं खाऊन झाली तरी ठिपके हलले नव्हते.

ते वर आले तेव्हा ऊन चढलं होतं. कार्यवाह सगळ्यांत पुढं, धापा टाकत.

“काकू! तुम्ही? तुमचा फॉर्म तर…”

“मी सहलीत नाही. मी नुसती डोंगरावर आहे.”

त्यांनी जरा विचार केला. याला प्रोसेस नव्हती. “बरं, उतरताना तरी आमच्याबरोबर चला. आमची जबाबदारी आहे.”

“कशी? सही कुठंय?”

मागं कुणीतरी हसलं. मी आल्या वाटेनं उतरले. तो खडक पुन्हा बसूनच.

घरी मुलगा दारात उभा होता. चिठ्ठी हातात.

“विचारलं नाहीस तू,” तो म्हणाला.

“नाही विचारलं. कळवलं.”

“आणि पडली असतीस तर?”

“तर तुलाच फोन केला असता. दुसऱ्या कुणाला करणार होते?”

सून म्हणाली, “आई, ती कुसळं काढून आत या, सोफ्याला लागतील.” जेवताना त्यानं विचारलं, वर काय दिसतं? अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. फॉर्मचं पुढं काय झालं मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.

संध्याकाळी गार्डसाहेबांचा फोन आला. मंडळाच्या ग्रुपवर आलेल्या फोटोत त्यांनी मला माथ्यावर पाहिलं होतं. “पुढच्या रविवारी येऊ का?”

आले. उप्पलच्या स्टॉपवर माझ्याआधी हजर, पांढरे बूट, पाठीवर पिशवी. चेहरा मात्र चोरासारखा.

“घरी काय सांगितलंत?”

“देवळात जातो म्हणालो.”

“मग देवळात जा.”

“अहो, असं काय करता?”

“लपून यायचं असेल तर तो फॉर्मच बरा. बसला वेळ आहे अजून. फोन लावा.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, मग फोन लावला. “हां, बाळा. देवळात नाही, डोंगरावर चाललोय… नाही, विचारत नाहीये, सांगतोय.” एवढं बोलून त्यांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला. पलीकडून आवाज येतच राहिला. बस आली तेव्हाही तो थांबला नव्हता. त्यांनी एका हातानं दांडा पकडला, दुसऱ्या हातात तो बोलता फोन धरला, आणि चढले.