आधीही चाळीसच

आमच्या थोरल्या जाऊबाई मोजतात. त्यांचं कामच ते. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात त्या रोपांच्या मुळांची टोकं कापतात, रंगात भिजवतात, काचेवर ठेवून अंगठ्याने चेपतात आणि मायक्रोस्कोपखाली एकेका पेशीतली गुणसूत्रं मोजतात. थोरले भावजी म्हणतात, "लग्नाला किती वर्षं झाली, तेवढं मात्र हिला विचारू नका." जाऊबाई हसत नाहीत. संध्याकाळी घरी आल्या की ओट्याला टेकून डोळे मिटून उभ्या राहतात आणि मी चहा टाकते. त्यांचा उजवा अंगठा कायम लालसर असतो. कितीही घासा, तो रंग जात नाही.

ते ऑर्किड त्यांना सापडलं रस्ता रुंद करताना पाडलेल्या एका झाडाच्या फांदीवर. पानं, खोड, सगळं नेहमीच्या एका जातीसारखं. फक्त सुकलेल्या एकुलत्या एका फुलाची खालची पाकळी जरा वेगळी दुमडलेली होती. दुसरं कुणी असतं तर पुढे गेलं असतं. जाऊबाईंनी मूळ कापून मोजलं. नेहमीच्या जातीत अडतीस गुणसूत्रं, ह्याच्यात चाळीस. "ही नवीन जात असणार," असं त्यांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा चहा गार होऊ देताना पाहिलं.

पण नुसत्या आकड्यावर नवीन जात कुणी मानत नाही. ताजं फूल लागतं, त्याची मापं, चित्र, दाबून वाळवलेला नमुना. विभागातलं काचघर भट्टीसारखं तापतं, म्हणून कुंडी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आली. म्हणजे माझ्या गळ्यात पडली. "रोज सकाळी फवारा मार, उन्हात ठेवू नकोस," एवढं सांगून त्या मोकळ्या! रोप ते एकच. दुसरं शोधायला त्या परत गेल्या तर तिथे डांबर पडलं होतं. निवृत्तीही तोंडावर आली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या शोधांसाठी मोजलं, एक तरी शोध आपला असावा, एवढंच त्यांना हवं होतं.

कळी आली ती मीच पाहिली आणि फोन करून सांगितली. विभागप्रमुख बाईंनी जाऊबाईंना बजावलं, "आता मुळाला हात लावायचा नाही. तुमचा आकडा मला मान्य आहे." मान्य सगळ्यांनाच होता. नव्हता फक्त जाऊबाईंना. चेपताना शेजारच्या पेशीतली दोन गुणसूत्रं सरकून आली असतील तर? अडतीस आणि दोन चाळीस! हा किडा डोक्यात शिरला तो निघेना. जेवताना त्यांचा घास हातातच राहायचा.

"किती वेळा मोजलंत?" मी विचारलं.

"खूपदा. पण मोजणारी मीच ना."

"ताई, कुकरच्या शिट्ट्या मोजताना माझीही चूक होते. भात होतोच की."

"भाताला नाव द्यायचं नसतं," त्या म्हणाल्या.

एका सकाळी फवारा घेऊन गेले तर मुळाचं हिरवं टोक गायब. ब्लेडने साफ कापलेलं. वाढतं असं तेवढं एकच मूळ उरलं होतं. जाऊबाई केव्हाच निघून गेल्या होत्या. पेशी सकाळीच विभागतात म्हणे, आणि विभागतानाच गुणसूत्रं दिसतात. माझं डोकं फिरलं. अति तिथे माती, हे कळायला कॉलेज लागतं का? त्यानंतर कळी पिवळी पडत गेली आणि एक दिवस ओट्यावर, निवडलेल्या भाजीच्या देठांत पडलेली सापडली. मी ती केरात टाकणारच होते. बशीत ठेवली.

त्या संध्याकाळी जाऊबाई आल्या आणि चपला न काढताच स्टुलावर बसल्या.

"इतक्या दिवसांनी आज काच स्वच्छ आली," त्या म्हणाल्या. "एकेक सुटं दिसलं. चाळीस."

मी बशी पुढे केली. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि लाल अंगठ्याने कळी जराशी सरळ केली.

"आधीही चाळीसच होती," त्या म्हणाल्या.

मी भांडायला सज्ज होते, चांगले चार शब्द जुळवून ठेवले होते. ते सोडून चहा टाकला.

फुलाशिवाय शोध पुढे गेला नाही. जाऊबाई निवृत्त झाल्या, त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आता त्या दिवसभर स्वयंपाकघरात बसतात, शेंगा सोलतात, खिडकीकडे पाठ करून. रोपाची पानं गळत गळत दोनच उरली. मलाही वीट आला होता त्याचा. पण हाताला सवय लागलेली, फवारा मारत राहिले.

परवा खोडाच्या बुडाशी एक मूळ फुटलेलं दिसलं. पांढरं, टोकाला हिरवं. आनंद व्हायला हवा होता खरं तर. मी गुपचूप कुंडी फिरवली, मुळाची बाजू बाहेर, काचेकडे केली.

"कुंडी फिरवलीस?" जाऊबाईंनी मान न वळवता विचारलं.

"उजेडासाठी."

त्या शेंगा बाजूला ठेवून उठल्या, आत गेल्या आणि ब्लेडची पत्र्याची डबी आणून माझ्यासमोर ओट्यावर ठेवली.

"ही तुझ्याकडे ठेव," त्या म्हणाल्या. "आणि कुठे ठेवलीस ते मला सांगू नकोस."