आमच्या थांब्यावर हात करत नाहीत

आमचं गाव धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या रस्त्यावर आहे. गाडीचा थांबा म्हणजे मोहाचं एक जुनं झाड आणि त्याच्याभोवती बांधलेला सिमेंटचा ओटा. दुसऱ्या गावांत लोक लाल गाडी दिसली की रस्त्याच्या मधोमध येतात आणि पुरात सापडल्यासारखे दोन्ही हात हलवतात. आमच्या झाडाखाली कोणी हात करत नाही. केला तर लोक हसतात.

ही रीत जुन्या ड्रायव्हरने लावली. माझे केस काळे होते तेव्हापासून तो या रस्त्यावर होता. एकदा कोणीतरी त्याला जोरजोरात हात केला, तर त्याने गाडी थांबवून खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "काऊन गा, मी आंधळा आहो का? माणूस उभा दिसला का मी थांबतोच ना!" त्या दिवसापासून आमचं ठरून गेलं. ज्याला जायचं तो ओट्यावरून उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहतो. ज्याला जायचं नाही तो बसून राहतो. गाडी समोर असताना बसलेल्याने उठायचं नाही. आळस द्यायचा असला तरी गाडी गेल्यावर द्यायचा, नाहीतर ड्रायव्हर फसतो.

ड्रायव्हरही आपल्या बाजूने नीट वागायचा. दार बरोबर टोपल्यापुढे येईल अशी गाडी लावायचा. म्हातारं माणूस चढून दांडी धरेपर्यंत गाडी हलवायचा नाही. आम्ही टोपलं गळतं नेत नव्हतो आणि गाडीच्या तोंडासमोरून रस्ता ओलांडत नव्हतो. यात कोणी कोणावर उपकार करत नव्हतं. त्याला वेळेवर पोचायचं होतं आणि आम्हाला पण.

मी बाजारात बसते. शिकले चौथीपर्यंत, पण बाजाराला तेवढं पुरतं. धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, मुलाला दिल्या आणि घरामागची वाडी माझ्याकडे ठेवली. तिथे सांबार होतो, मेथी होते, वांगी आणि भेदरं होतात. सांबार म्हणजे कोथिंबीर आणि भेदरं म्हणजे टमाटे, हे शहरातल्यांसाठी सांगते. गोरेगावच्या बाजारात कडुनिंबाखाली माझी जागा आहे. ती मला कोणी लिहून दिलेली नाही. दर बाजाराला येऊन बसते म्हणून ती माझी. लागोपाठ आलं नाही की जागा दुसऱ्याची होते. हा कायदा मला मान्य आहे, कारण मलाही ती अशीच मिळाली होती.

धान कापायला आले होते तेव्हा जुना ड्रायव्हर रिटायर झाला आणि नवा आला. बाजाराच्या दिवशी मी नेहमीसारखी कडेला उभी राहिले. टोपलं पायाशी. गावात आता घरोघरी मोटरसायकल आहे, त्यामुळे त्या वेळच्या गाडीला माझ्याशिवाय फारसं कोणी नसतं. ओट्यावर मात्र गर्दी असते. ज्यांना कुठेच जायचं नाही असे सगळे म्हातारे गाडी बघायला येऊन बसतात. गाडी आली, जराशी हळू झाली, ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला. माझ्या मेथीवर धूळ बसली.

ओट्यावरून आमचे जुने कोतवाल बोलले. नोकरी सुटून किती वर्षं झाली, पण गावाची चौकशी सुटली नाही. "तुले पाहूनच पळाला, बाई."

"तुले पाहून पळाला असन," मी म्हटलं. "सकाळी सकाळी तुहं तोंड कोण पाहीन?"

सगळे हसले. मी टोपलं उचलून घरी आले. तो बाजार गेला.

पुढच्या बाजाराला तेच झालं. या वेळी तर तो हळूही झाला नाही. आता मला पक्कं वाटलं की हा मुद्दाम करतो. शेजारीण म्हणाली, एकदा हात करून पाहा. मी म्हटलं, माणूस रस्त्याच्या कडेला टोपलं घेऊन उभा आहे, तो काय बगळे मोजायला उभा आहे? दिसत नाही का त्याला?

मुलाने मोटरसायकल काढली. मी मागे बसले, टोपलं मांडीवर. खड्डा आला की टोपलं छातीवर आणि सांबार तोंडात. त्याचे मजूर बांधीवर वाट पाहत होते, म्हणून तो सुसाट चालवत होता आणि बोलतही होता.

"माय, आता बस कर तुहा बाजार. भाजी मी ठोकवाल्याले देऊन देईन. या वयात कायले पाहिजे?"

"मंग घरी बसून काय करू? तुह्या बायकोचं तोंड पाहू?"

"थे पण तेच म्हणून राहिली," मुलगा म्हणाला. "म्हणते, मायले बाजाराले जाऊ द्या."

सून माझी हुशार आहे. आठवड्यातून एक दिवस आम्हा दोघींना एकमेकींपासून सुट्टी मिळते, ती तिला जाऊ द्यायची नव्हती. मलाही नव्हती. पण दर बाजाराला मुलाच्या मागे बसून जायचं म्हणजे त्याला वेळ आहे का विचारायचं, त्याचा चेहरा पाहायचा, आणि एक दिवस तो नाही म्हणणार. तो नाही म्हणाला की माझा बाजार संपला. हे मला त्या खड्ड्यांच्या रस्त्यावर स्वच्छ दिसलं.

बाजारात पोचले तर माझ्या जागेवर लसूणवाला बसलेला. शेजारी सुकी मासळी विकणारी बसते. तिने मला पाहून कपाळाला हात लावला.

"मागच्या बाजाराले मी पोतं टाकून तुही जागा धरून ठेवली व माय. आज हा माह्या आधी आला. मी काय करू?"

"काही नको करू."

"पुढच्या बाजाराले उशीर केला त समज गेली."

लसूणवाला ऐकत होता, पण लसूण सोलल्यासारखं करत होता. मी त्याच्याशी भांडले नाही. उशिरा येऊन भांडणाऱ्याचं बाजारात कोणी ऐकत नाही. मी नालीच्या बाजूला उन्हात बसले, भाजी पडेल भावात काढली आणि मुलाला फोन करून सांगितलं की घ्यायला येऊ नको. मग बसस्टँडवर गेले.

ड्रायव्हर सापडला. गाडीच्या सावलीत बाकावर बसून डबा खात होता. जेवणाऱ्या ड्रायव्हरशी बोलायचं नाही, हीसुद्धा आमची एक रीत आहे. मी रिकामं टोपलं खाली ठेवून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्याने एक घास थांबवून विचारलं, "काय पाहिजे, आजी?"

"आधी जेव."

तो जेवला, पण त्याचं लक्ष माझ्याकडेच होतं. हात धुऊन आला आणि उभाच राहिला. घाटाकडचा माणूस, बोलणं वेगळं, वयाने माझ्या मुलाएवढा.

"मी मोहाच्या झाडाखालची," मी म्हटलं. "दोन बाजार झाले, तू मले सोडून चालला जातोस. काऊन?"

"अच्छा, तुम्ही त्या गावच्या!" त्याने कमरेवर हात ठेवले. "आजी, मला सांगा, त्या गावाला झालंय काय? पहिल्या दिवशी मी थांबलो. ओट्यावर सगळी माणसं बसलेली. दार उघडलं, कंडक्टर ओरडला, चला चला. एक उठला नाही. वर सगळे हसायला लागले. दुसऱ्या दिवशी परत थांबलो, परत तेच. तिसऱ्यांदा मी कशाला थांबू?"

हे मला माहीत नव्हतं. ओट्यावरच्या एकानेही सांगितलं नव्हतं.

"ते बसले होते ना," मी म्हटलं. "बसलेला माणूस येत नसते. उभा असन तो येते."

"हे मला कोण सांगणार? गाडीत बसल्यावर समोर नुसता घोळका दिसतो. त्यात एक बाई उभी. मला वाटलं, ही पण गप्पा मारत उभी आहे. हात करायला काय होतं तुम्हाला?"

"आमच्या थांब्यावर हात करत नाहीत."

"मग मी थांबत नाही."

"थांबू नको," मी म्हटलं. "मी त्या म्हाताऱ्याईले तिथून उठवते. गाडीच्या वेळेले झाडाखाली कोणी बसणार नाही. मंग तिथं जो दिसन तो सवारी. एवढं त चालन?"

त्याने डोकं खाजवलं. "आणि धुक्यात? थंडीत तुमच्याकडे समोरचा बैल दिसत नाही म्हणतात."

"धुक्यात हात करीन. ते तुह्या डोळ्यासाठी."

तो हसला. मी हसले नाही, कारण अजून काही झालं नव्हतं. परतीच्या गाडीत मी त्याच्याच मागच्या सीटवर बसून आले. गाडी चालू असताना त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. आमच्या झाडाशी त्याने गाडी थांबवली, मी उतरले आणि तशीच ओट्यापुढे जाऊन उभी राहिले.

ओट्यावर वेगळीच तयारी चालली होती. कोतवाल म्हणाले, "आम्ही ठरवून राहिलो, उद्या गाडी अडवू. पोरं घेऊन रस्त्यावर बसू. समजते काय स्वतःले?"

"पहिल्या दिवशी तो थांबला तेव्हा कोण हसलं?"

एकाने तंबाखू मळायला घेतला.

"अवो, आम्हाले कुठं जायचं होतं?" कोतवाल म्हणाले. "तो आमच्यासाठी दार उघडून बसला, नवरदेव उतरवल्यासारखा. हसू नाही त काय करू?"

"हसले त हसले. आता गाडीच्या वेळेले झाडाच्या मागं बसा, बांधीकडे तोंड करून."

"मंग गाडी कशी दिसन?"

"गाडी कायले पाहिजे तुम्हाले? गेले का कधी तिच्यात?"

"मुद्दा तो नाही," कोतवाल म्हणाले. मुद्दा काय ते त्यांनी सांगितलं नाही.

कुरकुर झाली. पण ओट्यावरच्या प्रत्येकाच्या घरी माझी भाजी जाते, आणि वाडी बंद झाली तर कोणाची सून काय म्हणेल हे त्यांना ठाऊक होतं. ते मागे सरकायला तयार झाले.

तिसरा बाजार आला. मी लवकर निघाले. बांध्यांवर धुकं होतं, पण हात करण्याइतकं नव्हतं. मोहाच्या मागून खोकण्याचे आवाज येत होते, म्हणजे म्हातारे ठरल्या जागी होते. ओटा मोकळा पाहिजे होता, आणि मोकळा नव्हता. कोतवाल मधोमध बसलेले, घोंगडं पांघरून.

"उठ ना गा!"

"गुडघे दुखून राहिले. मागं ओल आहे."

"बाकीच्याईले ओल नाही का?"

"त्याईनं नोकरी नाही केली गावाची."

भांडायला वेळ नव्हता. वळणावर गाडी दिसली. मी टोपलं नीट केलं आणि सरळ उभी राहिले. खरं सांगायचं तर माझा उजवा हात वर जायला बघत होता. गाडी निघून गेली तर लसूणवाला तिथे कायमचा बसणार, आणि मी मुलाच्या मागे. मी पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं. मी शब्द दिला होता तो धुक्याचा. आज तेवढं धुकं नव्हतं.

गाडी हळू झाली. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या कोतवालांकडे. गाडी माझ्यापुढून सरकली आणि थोडी पुढे जाऊन थांबली. खिडकीतून डोकं बाहेर आलं.

"आजी, ते बाबा येणार का?"

"बसले आहेत ना!"

त्याने कोतवालांना नीट पाहून घेतलं. कोतवाल पोलीस पाटलाने बोलावल्यासारखे ताठ झाले, पण उठले नाहीत. एवढं मात्र त्यांनी बरोबर केलं.

"मग बसू द्या," ड्रायव्हर म्हणाला.

मी टोपलं उचलून दारापर्यंत गेले. चढताना त्याला सांगितलं, "दार टोपल्यापुढे पाहिजे होतं."

"पुढच्या वेळी," तो म्हणाला, आणि मी दांडी धरेपर्यंत गाडी हलली नाही.

बाजारात अजून झाडलोट चालली होती. कडुनिंबाखाली कोणी नव्हतं. मी पोतं अंथरलं, भेदरं पुढे मांडली, मेथी मागे, आणि बसले. मासळीवाली आली, तिने काही न विचारता आपलं पोतं माझ्या शेजारी टाकलं. ऊन वर आल्यावर लसूणवाला आला आणि डोक्यावर गोणी घेऊन माझ्यापुढे थांबला.

"बुढीमाय, मागच्या बाजाराले इथं मी होतो."

"होतास," मी म्हटलं. "सरक, गिऱ्हाइकाले भाजी दिसत नाही."

तो नालीकडे गेला. तिथे दुपारी ऊन लागतं हे मी त्याला सांगितलं नाही. बसला की कळतं.