धुण्याचा दगड

२०१७ साल, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. उन्हाळ्यात रोज सकाळी गावच्या तळ्यात होडी घालायची. पुढं माझा म्हातारा कुत्रा काळू, मागं मी वल्हं घेऊन. जायचं कुठंच नसायचं. एके दिवशी काळूची उडी हुकली. उचलायला गेलो तर गुरगुरला आणि काठावरच बसून राहिला. त्याच्याशिवाय पाण्यात करमेना, मीही परतलो.

घरी सांगितलं तशी सून हसली. "तुमच्यावरच गेलाय, मामंजी. कुणी हात दिलेला चालत नाही."

तेव्हा ध्यानात आलं. तिनं ‘धुण्याला’ म्हणून काठावर टाकलेल्या दगडावर पाय देऊनच मी गेल्या उन्हाळ्यापासून होडीत चढतोय, आणि धुणं तिथं तिनं एकदाही धुतलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीचं पुढचं टोक त्या दगडाला लावलं आणि काळू चढेपर्यंत मी दुसरीकडं बघत राहिलो.