वर्ध्याची पेटी आणि बिब्ब्याची शाई

आता कसे सांगावे तुम्हाला! माझ्या उजव्या गालावरचा हा काळा डाग जन्मखूण आहे, असे मी सासुरवाडीतसुद्धा बारा वर्षे सांगत आलो. आज खरे सांगतो. मात्र शाईविषयीचे माझे मूळ म्हणणे चुकीचे होते, हे मी अजूनही मान्य करणार नाही.

काव्य आणि न्याय शिकून मी पोटासाठी नागपुरात इतवारीतल्या एका कापडाच्या वखारीत लागलो होतो. दोन वर्षांनी घरची चूल दोन्ही वेळा पेटू लागली होती. काम एवढेच, की उमरेडच्या विणकरांकडून आलेला माल रेल्वेत चढण्यापूर्वी त्यावर तो जाणार त्या गावाचे नाव उमटवायचे. जाडेभरडे कापड गोणपाटात जाई, धोतरे लाकडी खोक्यांत आणि रेशीमकाठी लुगडी पत्र्याच्या पेट्यांत.

गोविंदा मुकादमाकडे तीन बुधल्या असत. गोणपाटासाठी बिब्ब्याचा रस, लाकडासाठी जवसाच्या तेलात खललेले काजळ आणि पत्र्यासाठी स्पिरिटात विरघळवलेली लाख. मला हा पसारा असह्य झाला. कार्य एक असताना कारणे तीन कशाला? धोबी कपडे वर्षभर दगडावर आपटतो, तरी त्यांवरची बिब्ब्याची खूण हलत नाही. याहून मोठे प्रमाण ते कोणते? मी उरलेल्या दोन बुधल्या फळीवर चढवल्या आणि वर्ध्याला जाणाऱ्या पेटीच्या झाकणावर बिब्ब्याने तळहाताएवढे नाव उमटवले.

"शास्त्रीबुवा, पत्रा म्हंजे काही धोतर नाही," गोविंदा म्हणाला. "कापड शाई पिऊन घेते. पत्रा काहून पिईन?"

"पदार्थाचा गुण जागा पाहून बदलत नाही."

"गुणाचं मले नाही समजत जी. खूण अजून ओली दिसून राहिली, एवढं समजते."

"ती ओली नाही. ती तेजस्वी आहे."

हमाल गोळा झाले. गलका ऐकून शेटजीही गादीवरून उठून आले. "शास्त्रीबुवा, खूण पुसली गेली तर?"

इथे शहाण्याने काय केले असते? मी म्हणालो, "तर उद्यापासून या वखारीचा उंबरा चढणार नाही."

"बोटानं पुसून पाहा ना मंग," गोविंदाने सुचवले.

"बोटाने काय, गालाने पुसतो."

आणि वाकून, सर्वांच्या देखत, मी उजवा गाल त्या झाकणावर घट्ट टेकवला. पत्रा थंड होता. गाल सोडवताना चिकट आवाज झाला.

मी झाकणाकडे पाहिले. त्यावर एक फिकट ओघळ उरला होता. गोविंदा मात्र माझ्याकडे पाहत होता.

"शेटजी, पेटी कोरी झाली. बुवा चालले वर्ध्याले."

"मालगाडीत टाकता का सवारी गाडीत गा?" मागून एका हमालाने विचारले.

घरची चूल डोळ्यांपुढे आली. पण मी ताठ उभा राहिलो. "प्रतिज्ञा अशी होती, की खूण पुसली गेली तर. ती पुसली गेलेली नाही. तिने केवळ स्थान बदलले आहे."

शेटजी हसत हसत गोणपाटाच्या गाठोड्यावर बसले. नोकरी राहिली. फळीवरच्या बुधल्या मात्र त्यांनी मलाच खाली काढायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला आणि गाल गरम पुरीसारखा फुगला. पंधरा दिवस खोबरेल चोळले. फोड गेले, अक्षरे राहिली. तेव्हा सांगा, बिब्ब्याची खूण टिकते की नाही? ती उलटी उमटल्यामुळे कोणाला वाचता येत नाही, एवढेच माझे भाग्य. पण रोज सकाळी दाढी करायला आरशासमोर बसलो, की ती सुलट होऊन मला स्वच्छ वाचता येते: वर्धा.

पेटी लाखेच्या शाईची खूण घेऊन त्याच आठवड्यात वर्ध्याला पोहोचली. मी बारा वर्षे नागपुरातच पडून आहे.