एका कामाला दोन स्विच

शेंद्र्याला माझी शेड आहे. तिथं आम्ही एका मोठ्या कारखान्यासाठी पत्र्याचे पार्ट बनवतो. शाळा मी चौथीत सोडली, पण शेड मी उभी केली, म्हणून तिथं काय बसवायचं ते मीच ठरवतो.

प्रत्येक क्रेटवर कॉम्प्युटरनं काढलेलं लेबल नसलं तर कारखाना माल आत घेत नाय. आमचा स्विच, म्हणजे सगळ्या वायरी येऊन मिळतात तो डबा, सारखा बंद पडायला लागला. भरलेली गाडी दारात उभी. शेवटी कारखान्याचे साहेब म्हणाले, "मी येऊन बघणार. स्विच पडला तरी लेबलं निघाली, तरच पुढचं काम."

ऑफिस माझी लेक बघते. तिनं पुंडलिकनगरातला एक इंजिनीअर आणला. त्यानं एकसारखे दोन स्विच लावले आणि लेबलाच्या कॉम्प्युटरपासून दोघांत एक-एक वायर नेली.

मी म्हणालो, "दुसरा कपाटात ठेवा. स्टेपनी कुणी रस्त्यावर पळवतं का?"

"काका, ही स्टेपनी नाय. दोघं मिळून ओझं वाहतात. एक पडला की सगळं दुसऱ्यावर जातं."

त्यानं दुसऱ्यावरचे दिवे दाखवले, पण लुकलुकणारे दिवे तर खेळण्यातपण असतात. तो आणि लेक चहाला गेले तशी मी दुसऱ्या स्विचची पिन काढली. काम चालूच! हाक मारून दोघांना बोलावलं. "बघा, काढला तरी काय अडलं? हा फुकटचाच बसवलाय."

लेकीनं कपाळाला हात लावला. "आप्पा, अहो तेच तर पाहिजे!"

"वा! अडलं तर बिघाड, नाय अडलं तर करामत."

इंजिनीअरनं हसत पिन परत लावली. त्या हसण्यानं माझा संशय अजूनच वाढला.

साहेब आले. "काढा एक," म्हणाले. इंजिनीअरचा हात बरोबर दुसऱ्या स्विचकडं गेला. मला वाटलं, सगळं ओझं पहिलाच वाहतोय, म्हणून हा त्याला हात लावत नाय.

"तो नाय. हा," मी म्हणालो.

"आप्पा, गप बसा ना," लेक दबक्या आवाजात म्हणाली. तोवर मी पहिल्याची पिन उपसली होती.

लेबल मधेच थांबलं. लेकीचा चेहरा उतरला. शेडमधल्या सगळ्यांचं काम माझ्याच हातानं जातंय की काय! मग मशीन घरघरलं, अर्धं लेबल पुरं झालं आणि मागून दुसरं आलं. साहेबांनी ते स्कॅन केलं. "चालतंय. काम तुमच्याकडंच राहील."

साहेब गेल्यावर लेकीनं विचारलं, "आता तरी पटलं का?"

"आज चाललं, एवढं पटलं."

पिन परत लावायला मीच सांगितलं. इंजिनीअर लावत होता तेव्हा मात्र त्याच्या खांद्याला खांदा लावून बघत उभा राहिलो.