अकराच्या आत बावीस पानं

सकाळी नऊला पाकिटाचं सील फुटलं तेव्हा खोलीत दोनच माणसं होती. एक ठिपकेबाई, आणि दुसरे परीक्षा कार्यालयातून आलेले निरीक्षक, ज्यांना सगळं केंद्र पाठीमागे कुलूपसाहेब म्हणत असे. दाराला आतून कडी. दोघांचेही फोन खाली कपाटात. पेपर छापून हातात येईपर्यंत खोली सोडायची नाही, असा नियम होता, आणि साहेब जणू त्या नियमाच्या शेजारीच खुर्ची टाकून बसले होते.

गणिताचा पेपर अकराला. तीनशे मुलांचे पेपर गठ्ठे बांधून आधीच आले होते. एका मुलीचा तेवढा इथे तयार व्हायचा होता, कारण ती बोटांनी वाचायची. पाकिटातल्या पेनड्राइव्हवरचा मजकूर ब्रेलमध्ये उतरवायचा, तपासायचा आणि एम्बॉसरवर सोडायचा. एम्बॉसर म्हणजे जाड कागदावर ठिपके उठवणारं यंत्र. या कामावरूनच बाईंना ते नाव पडलं होतं.

मुलगी गेल्या वर्षी याच विषयात चार गुणांनी राहिली होती. तेव्हा यंत्र बंद होतं, म्हणून पेपर वाचून दाखवायला एक सर शेजारी बसवले होते. त्यांनी वाचलं, ‘एक्स अधिक दोनचा वर्ग.’ कंस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते त्यांच्या आवाजात कळेना. तिने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा सर चिडले. चौथ्यांदा तिने विचारलं नाही. या वर्षीच्या अर्जाच्या शेवटी तिने एक ओळ घातली होती: मला वाचून दाखवू नका, मला वाचू द्या. तो अर्ज बाईंनीच टाइप केला होता. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलणार होता. जे व्हायचं ते आजच. आणि अकराच्या ठोक्याला ब्रेलचा पेपर टेबलावर नसेल, तर नियमाप्रमाणे पुन्हा तेच सर.

पावणेदहाला एम्बॉसर खडखडायला लागला. तिसऱ्या पानावर कागद तिरका गेला, कडेच्या दातेरी चाकावरून सुटला, आणि खोली एकदम गप्प झाली.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“कागद रुसला. काढते समजूत.”

बाईंनी झाकण उचललं, चुरगळलेला कागद बोटांनी सोडवला, नवा लावला, कडा जुळवल्या. यंत्र हललं नाही. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. असं काही अडलं की संगणक आपणहून प्रिंटरला ‘थांबलेला’ ठरवून टाकतो, आणि कुणी येऊन ‘पुन्हा सुरू’ म्हणेपर्यंत ढिम्म राहतो. ते म्हणायला प्रिंटरच्या व्यवस्थेचं एक पान ब्राउझरमध्ये उघडावं लागतं. सहा वर्षांपूर्वी संगणक बसवून गेलेल्या दुरुस्तीवाल्या दादांनी त्या पानाचा पत्ता कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला होता: लोकलहोस्ट, मग दोन टिंबं, मग सहाशे एकतीस.

बाईंनी पत्ता टाकला. नेहमीच्या पांढऱ्या पानाऐवजी राखाडी पाटी आली. प्रॉक्सी सर्व्हर जोडणी नाकारत आहे.

त्यांनी पुन्हा टाकला. मग एकेक अक्षर बोटाने दाबून, तोंडाने म्हणत, तिसऱ्यांदा. पाटी तशीच.

“पत्ता चुकत असेल,” साहेब म्हणाले.

“साहेब, मी एक वेळ घरचा पत्ता चुकेन, हा नाही चुकायची.”

“मग बंद करून चालू करा. आमच्याकडे सगळे तेच करतात.”

दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून बाईंनी तेच केलं. दहा वाजले होते. जुनं यंत्र, उठायला आठ मिनिटं घ्यायचं. काळ्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसण्याखेरीज काही करता येत नव्हतं.

त्या या खोलीत आल्या त्या नाइलाजाने. आधी त्या खालच्या कार्यालयात टंकलेखिका होत्या. टाइपरायटर गेले, तेव्हा मोठ्या साहेबांनी सांगितलं, ठिपके शिका, नाहीतर घरी बसा. महिनाभर त्या जेवणाच्या टेबलावर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ठिपके टोचत बसल्या. लेक समोर बसून परीक्षा घ्यायची, “आई, डोळे मीट, लबाडी नको.” नवरा म्हणाला, “झालं! घरात भांडायला आणखी एक भाषा आली.” सासूबाईंना मात्र कौतुक. शेजारणींना सांगायच्या, “आमची सून दिवा न लावता वाचते.” त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. अशी कितीतरी मुलं या खोलीतून निघालेले कागद चाचपत पुढे गेली. त्यातल्या एकाचंही अक्षर बाईंनी पाहिलं नव्हतं, पण प्रत्येकाचा वाचायचा वेग त्यांना माहीत होता. ही मुलगी फार भरभर वाचायची. नखं अगदी मुळाशी कापलेली असायची.

पडदा उजळला. पत्ता टाकला. राखाडी पाटी.

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“मी दारातूनच कुणाला तरी सांगून खाली कळवतो,” साहेब उठत म्हणाले. “त्या सरांना तयार राहायला सांगतो. वेळेत कळवलेलं बरं.”

“साडेदहापर्यंत थांबा.”

“बाई, माझ्यावर जबाबदारी आहे.”

“आणि माझ्यावर काय आहे, लोणी?”

साहेब बसले. असं कुणी त्यांच्याशी बोलत नसावं.

दादांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. काळी खिडकी उघडून संगणकाला सरळ विचारायचं, की छपाईचं काम बघणारी तुझी सेवा जागी आहे का? बाईंनी वहीतून बघून ती ओळ टाइप केली. उत्तर आलं, हिरव्या अक्षरांत: चालू आहे.

म्हणजे माणूस घरात होता. दिवाही लागलेला होता. मग दार ठोठावलेलं त्याला ऐकू का येत नव्हतं?

राखाडी पाटी आतापर्यंत त्यांनी बंद दार बघावं तशी बघितली होती. आता ती त्यांनी कुणाचं पत्र वाचावं तशी वाचली. पत्ता सापडत नाही, असं ती म्हणत नव्हती. प्रॉक्सी नाकारतो आहे, असं म्हणत होती. प्रॉक्सी म्हणजे बाहेर जायच्या वाटेवरचा मध्यस्थ, एवढं बाईंना ठाऊक होतं. पण लोकलहोस्ट म्हणजे हेच मशीन. त्याच्याकडे जायला मध्यस्थ कशाला?

“साहेब, काल संध्याकाळी तुम्ही या संगणकाला काय काय केलंत?”

“काय म्हणजे? परिपत्रकात आहे तेच. पेपर फुटू नये म्हणून इंटरनेट बंद.”

“केबल काढलीत, ते दिसतंय.”

“ती माझ्या खिशात आहे.” त्यांनी खिसा थोपटला. “शिवाय ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीच्या जागी खोटा पत्ता घातला. म्हणजे उद्या कुणी दुसरी केबल आणली, तरी वाट सापडणार नाही.”

“आणि त्याच्या खालच्या चौकटीत?”

“तिथे दोन पत्ते होते. वर लिहिलं होतं, यांच्यासाठी प्रॉक्सी वापरू नका. म्हणजे सवलतच की. परीक्षेत सवलत कसली? पुसून टाकले.”

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. भिंतीवर दहा वीस.

“साहेब, ते दोन्ही पत्ते याच मशीनचे होते. तुम्ही याला सांगितलंत, स्वतःशी बोलायचं असेल तरी आधी बाहेरच्या माणसाला विचार. आणि बाहेर तर माणूसच नाही. ते परत लिहू द्या मला.”

“नाही. सेटिंगला आता हात लावता येणार नाही. काल नोंदवहीत लिहून सही केलीय मी.”

“मग आज परत लिहा, परत करा.”

“उद्या कुणी विचारलं, पेपर उघडल्यावर बाहेरची वाट का मोकळी केलीत, तर?”

“बाहेरची वाट तुमच्या खिशात आहे!” बाईंचा आवाज चढला. “हे बघा, खोटा पत्ता राहू दे तसाच. मी फक्त खालची चौकट भरते. तुम्ही माझ्या खांद्यावरून बघा. एक अक्षर जास्त टाइप झालं तर हात धरा.”

साहेब नोंदवहीकडे बघत राहिले. बोटातलं पेन उलटसुलट करत राहिले. दहा सव्वीस. बाईंनी कीबोर्ड पुढे ओढून घेतला. आता बोललं तर रडू येईल की शिवी, याची त्यांनाच खात्री नव्हती.

“गेल्या वर्षी मीच होतो इथे,” साहेब शेवटी म्हणाले. “ते सर मीच बसवले होते.” त्यांनी वही उघडली, वेळ घातली आणि न बघता म्हणाले, “करा.”

बाईंनी दोन पत्ते टाइप केले. साहेब खरोखरच खांद्यावरून बघत होते, त्यांचा श्वास कानाशी लागत होता. सेटिंग बंद. नवी खिडकी. लोकलहोस्ट, दोन टिंबं, सहाशे एकतीस.

पांढरं पान उघडलं. प्रिंटरच्या नावापुढे लिहिलं होतं, थांबलेला. बाईंनी ‘पुन्हा सुरू’ दाबलं, पासवर्ड दिला. क्षणभर काहीच झालं नाही. मग एम्बॉसर खडखडला, आणि पहिल्या पानापासून ठिपके उठवू लागला. दहा एकतीस. पान एका मिनिटाचं, पानं बावीस.

“पुरेल?” साहेबांनी ओरडून विचारलं. त्या आवाजात बोलायचं तर ओरडावंच लागे.

“तुम्ही कागद धरा!”

पेटीतून वर येणारा कागद साहेबांनी दोन्ही हातांनी सरळ धरला, लहान मुलाचं डोकं धरावं तसा, आणि बावीस मिनिटं ते जागचे हलले नाहीत. बाई दुसऱ्या बाजूला बाहेर येणारी पानं उभ्या उभ्या तपासत होत्या, नजरेने नाही, बोटाने. नजरेने इतक्या झपाट्याने जमलं नसतं. चौदाव्या पानावरच्या आलेखाशी त्या थबकल्या. मग पुढे गेल्या. दहा त्रेपन्न. पानं फाडली, जुळवली, बाइंडरने शिवली. साहेबांनी कडी काढली.

कोपऱ्यातल्या खोलीत मुलगी रिकाम्या टेबलावर तळहात पालथे ठेवून बसली होती. शेजारच्या खुर्चीत ते सर आधीच येऊन बसले होते, गुडघ्यावर साधा छापील पेपर घेऊन. बाईंनी गठ्ठा तिच्या हातांखाली सरकवला. अकराला तीन मिनिटं कमी होती. घंटा होईपर्यंत तिने पान उलटलं नाही. नुसती गठ्ठ्याची जाडी मोजत राहिली.

घंटा झाली. डावं बोट ओळीच्या सुरुवातीला, उजवं धावायला लागलं. पहिली ओळ, दुसरी.

“सर,” ती म्हणाली, “तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल.”

सर उठले. बाई मात्र तिथेच उभ्या, पदराने मान पुसत, तिच्या बोटांकडे बघत. पान संपलं, उलटलं गेलं. मग बोटं थांबली.

बाई टेबलाशी वाकल्या. “काय गं? काही चुकलंय का?”

“पेपर बरोबर आहे, बाई.” मुलीने मान वर केली नाही. “पण तुम्हाला इतकी धाप लागलीय की मला आकडेमोड सुचत नाहीये. जा ना आता.”

बाई बाहेर आल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसल्या.