पळायचं नाय, सोंड जाईल

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं ते जोह्याच्या मामामुळे झालं, हे मी आधी सांगून टाकते आणि मग काय झालं ते सांगते. कारण काय झालं ते सांगायला लागले की मी घाबरते, घाबरले की भरभर बोलते, आणि भरभर बोलताना माणसं राहून जातात. मामीचे आणि खेळाच्या बाईंचेही उपकार आहेत, ते ओघात येतीलच. पण पहिला मामा. सबंध पेण तालुक्यात, मी तर म्हणेन सबंध पृथ्वीवर, पळण्याचा इतका मनापासून राग करणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. आग लागो, बैल मागे लागो, माणसाने चालावं. हवं तर भरभर चालावं, पण पळू नये, असं त्याचं ठाम मत. आणि अशा माणसाची भाची पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या नि भाले फेकणाऱ्या पोरापोरींच्या मेळ्यात, म्हणजे वीस वर्षांखालच्यांच्या जागतिक मैदानी स्पर्धेत, भारताचं बनियन घालून उभी राहिली. ह्यात थट्टा कुणी केली, देवाने की मामाने, ते मला अजून कळलेलं नाही.

मामाचा जोह्याला गणपतींचा कारखाना आहे. आमचं घर रोह्याच्या आत, डोंगराकडे. बाबा धाटावला कंपनीत कंत्राटावर. नववीत माझी शाळा सुटली. कशी सुटली त्यात सांगण्यासारखं काही नाही, पुष्कळांची सुटते तशीच. पण घरी बसून मी जगातल्या सगळ्या गोष्टींची काळजी करायला लागले. गाय वेळेवर आली नाही तरी मला रडू यायचं. तेव्हा मामा आला, माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायांकडे, बराच वेळ बघत राहिला आणि आईला म्हणाला, "हिला माझ्याकडं धाड. काळजी करणारं माणूस मला कारखान्यात पायजेच हाय. बिनकाळजीच्या पोरांनी गेल्या साली माझे किती कान मोडलेत!" कान म्हणजे गणपतीचे.

तिथे माझं काम एकच. साच्यातून काढलेल्या ओल्या मूर्ती पाटावर ठेवून अंगणात वाळत घालायच्या, आणि आभाळ भरून आलं की उचलून आत आणायच्या. आभाळ तर आमच्याकडे विचारून भरत नाही. सर हमरापुराकडून येताना दिसायची, शेतावरून वाजत यायची, आणि अंगणात शंभरेक गणपती उघडे बसलेले. कुणालाही वाटेल की पळावं. पण मामा दारात उभा राहून ओरडायचा, "पळायचं नाय! सोंड जाईल!" पळताना माणसाचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात, मग तो आदळतो, पाट हादरतो आणि ओली सोंड गळून बाप्पाच्या मांडीवर येते. "एक पाय कायम धरणीला टेकलेला पायजे," मामा सांगायचा, "आणि गुडघा वाकवू नको, पाट खालीवर होतो. हलवायची तर कंबर हलव. कंबरेला काय, सोंड नाय." त्यामुळे सर आली की आमचा अख्खा कारखाना ताठ गुडघ्याने, कंबर डावी-उजवी टाकत, बदकांसारखा पण विलक्षण वेगाने अंगणातून आत-बाहेर करायचा. रस्त्यावरून जाणाऱ्या एस.टी.तली माणसं खिडकीतून डोकं बाहेर काढून बघायची. त्यांना वाटायचं, हळदीचा नाच चाललाय.

आयुष्यभर खाली उकिडवं बसून काम केल्यामुळे मामाला माणसाचं तोंड शेवटी दिसतं, पाय आधी. त्यामुळे माणसाची सगळी पारख तो चालीवरून करतो. माझ्या मावसबहिणीला बघायला स्थळ आलं तेव्हा सगळे पोह्यांवर बसलेले असताना मामा नवऱ्या मुलाला म्हणाला, "जरा त्या आंब्यापर्यंत जाऊन ये." तो बिचारा गेला आणि आला. मामा म्हणाला, "टाच घासतो. हा संसार घासत नेणार." लग्न व्हायचं ते झालं आणि दोघांचं छान चाललंय. त्यावर मामाचं म्हणणं, "चाल सुधारली त्याने. माझं ऐकून."

जोह्याहून पेणला जाणाऱ्या बसमध्ये तो नेहमी ड्रायव्हरच्या मागे बसतो आणि गाडीने जरा वेग घेतला की ओरडतो, "ड्रायव्हरभाऊ, सावकाश! मागं मूर्ती हायत!"

"कुठल्या मूर्ती, मामा? डिकीत तर काय नाय," कंडक्टर म्हणतो.

"ह्या काय बसल्यात ना तिकीट काढून," मामा मागे हात दाखवून म्हणतो. "सगळ्या कच्च्याच हायत."

एकदा तो आम्हांला भेटायला रोह्याला आला आणि बाबांना गाठायला धाटावला गेला. नेमकी शिफ्ट सुटली. शिफ्ट सुटली की तिथे माणसं बस धरायला पळतात, ते साहजिकच आहे. मामाने एवढी माणसं एकदम पळताना जन्मात पाहिली नव्हती. तो दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. "चाला! चाला! काय जळतंय काय मागं?" माणसांना वाटलं कंपनीत खरंच काही झालंय, म्हणून सगळी थबकून मागे वळून बघायला लागली. तेवढ्यात बस गेली. बाबा त्या दिवशी घरी आले ते मामाच्या दहा पावलं पुढे चालत, आणि मामा सबंध जेवणभर सांगत होता, की पाहिलंत ना, थांबलं तर काय बिघडत नाय.

पेणच्या एका शाळेतल्या खेळाच्या बाई गणपती सांगायला आल्या तेव्हा अशीच सर आली. बाई दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. गणपती सांगायचं विसरल्या. मामाला म्हणाल्या, "ही मुलगी पळत का नाही?"

"पळेल कशाला? मी शिकवलीय तिला," मामा म्हणाला.

"अहो, ह्याची शर्यत असते! चालायची!"

मामाला खरं वाटेना. त्याने दोनदा विचारून घेतलं, की पळालं तर काय करतात? बाई म्हणाल्या, पंच लाल कार्ड दाखवतात. तीन झाली तर बाजूला उभं करतात, चौथं झालं तर बाहेर काढतात. मामाने ब्रश खाली ठेवला. "म्हंजे जगात अक्कल आली म्हणायची," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी मला बाईंच्या हवाली केलं. पुढची सगळी मेहनत बाईंची. पेणला रामवाडीहून पुढे पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर त्या मला चालवायच्या. माझे हात पाट धरल्यासारखे पुढे ताठ असायचे, ते सोडवता सोडवता बाई रडकुंडीला आल्या. तालुका, जिल्हा, राज्य, शिबिर असं होत होत एक दिवस माझं नाव परदेशी जाणाऱ्या संघात लागलं. मला आनंद व्हायच्या आधी विमान चुकेल ह्याची काळजी लागली.

परदेशाच्या बाबतीत मामा स्वतःला जाणकार समजतो, कारण त्याचे गणपती दर साली बोटीने तिकडे जातात. तो स्वतः पनवेलच्या पुढे गेलेला नाही. "तिकडं सामान फार आदळतात," तो म्हणाला. "आण तुझे बूट, मी भरून देतो." मी निघायच्या दिवशी सकाळी कारखान्यात शिरले, तेव्हा मामा दाराकडे पाठ करून बसला होता. मागे न वळता म्हणाला, "ये गो. डावा पाय जरा जड पडतोय तुझा, झोप झाली नाय वाटतं." त्या साली तो पावलं नुसती ऐकून माणूस ओळखायला लागला होता. विद्या आता शिखराला पोचली, असं आम्ही सगळे म्हणायचो. बूट त्याने आदल्याच दिवशी भरून ठेवले होते. मूर्ती भरतात तसे: आत पेंढा, बाहेर पेंढा, भोवती सुतळी, वर खोका, आणि खोक्यावर 'वरची बाजू' असा बाण. उघडू नको म्हणाला. मी उघडला नाही. मामाने बांधलेलं कुणी उघडत नाही.

तिकडच्या विमानतळावर एका कुत्र्याने माझ्या बॅगेला नाक लावलं आणि ते तिथेच बसलं. गणवेशातल्या बाईने बॅग उघडली, खोका उघडला आणि पेंढ्याची एक मूठ वर धरली. त्या देशात परक्या मुलखाचं गवत आणि माती आणू देत नाहीत, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की आमच्या संघाचे मॅनेजर साहेब पांढरे पडलेत. माझं इंग्रजी नववीतच राहिलेलं. मी नुसती "गणपती, गणपती" म्हणत होते. बाईने बुटांतला पेंढा उपसला आणि दचकून हात मागे घेतला. बूट तिच्याकडे बघत होते. मामाने दोन्ही बुटांच्या टोकांवर एकेक डोळा काढला होता. पापणी, बुबुळ, त्यातला पांढरा ठिपका, सगळं. मूर्तीचे डोळे काढणं म्हणजे आखणी. ती सगळ्यात शेवटी होते, आणि ती झाली की मग ती माती राहत नाही, देव होतो. त्या बाईने आणखी तिघांना बोलावून बूट दाखवले. सगळी हसली. मग हसत हसतच बूट काढून घेतले. धुऊन, तपासून देऊ म्हणाले. कधी, ते सांगितलं नाही.

मॅनेजर साहेबांनी नवे बूट दिले. त्यांत माझा पाय जमिनीला लागतोय की नाही तेच कळेना. सरावाला मला दोनदा टोकलं, पाय सुटतो म्हणून. एवढ्या लांब येऊन लाल कार्डं खाऊन बाहेर बसायचं, आणि मग जोह्याला कुठल्या तोंडाने, म्हणजे कुठल्या पायांनी जायचं? रडत मी मामाला फोन केला.

"पेंढा काढला?" मामा म्हणाला. "सगळा?"

"सगळा."

"मग बूट आता कशात हायत?"

"त्यांच्याकडे पिशवीत असतील."

"नुसत्या पिशवीत!" त्याला धक्काच बसला. मागून मामीचा आवाज आला, "अवो, पोरगी रडते, तुमचा पेंढा कसला घेऊन बसलाय!" मग फोनवर येऊन म्हणाली, "तू जेव गो. हा सकाळपासनं नाय जेवला, तुझं नाव येईल टीव्हीवर म्हणून. आता तर रात्री पण नाय जेवायचा."

शर्यतीच्या दिवशी सकाळी बूट आले, एका पारदर्शक पिशवीत, स्वच्छ धुतलेले. साबणाने बरंच काही गेलं होतं, पण डोळे गेले नव्हते. मामाचा रंग जात नसतो. रेषेवर उभी राहिले तर आजूबाजूला माझ्या वयाच्या पोरी, पण उंच, गोऱ्या, निवांत. काही चक्क जांभया देत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. म्हणून खाली बघितलं. उजवा डोळा सरळ माझ्याकडे बघत होता. डावा मात्र तिसरीकडेच, चायनीज पोरीच्या बुटांकडे. तिरळा. मला हसू फुटलं. हसताना माणसाला घाबरता येत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

तरी दोन कार्डं मिळालीच. शेवटच्या फेऱ्यांत पुढच्या पोरी लांब गेल्या, मागची एक खांद्याला आली, आणि पायांना पळावंसं वाटायला लागलं. अगदी सर शेतावर आली की वाटतं तसं. मी आपोआप हात पुढे घेतले, पाट धरल्यासारखे. बाईंनी पाहिलं असतं तर कपाळावर हात मारला असता. त्या पाटावर ओला बाप्पा बसवला आणि चालत राहिले. खांद्याला आलेली पोरगी पळाली. तिचं चौथं कार्ड झालं, तिला बाहेर काढलं. मी पोचले. पदकाच्या पुष्कळ मागे, पण पोचले, आणि माझ्याही मागे काही जणी होत्या.

मामीने नंतर सगळं सांगितलं. कारखाना बंद ठेवून सगळे एका मोबाईलभोवती बसले होते, ऐन सीझनमध्ये. मामा फोनच्या अगदी समोर, पण दर मिनिटाला विचारत होता, "पाय कसा पडतोय? टेकतोय का?" आणि मामी सांगत होती. त्या पोरीला बाहेर काढलं तेव्हा म्हणाला, "कोणाची सोंड गेली?" आणि शेवटी, मी कितवी आले ते कुणी सांगायच्या आत त्याने विचारलं, "पोचली का शाबूत?" मामी म्हणाली, व्हय. "मग झालं," म्हणाला, आणि जेवायला बसला.

मी हसत हसत म्हटलं, "मामी, मामाला सांग, डावा डोळा तिरका काढलाय. जन्मात पहिल्यांदा!"

मामी हसली नाही. हळू म्हणाली, "त्याला नको सांगू गो. या साली सगळी आखणी मीच केली. दिसत नाय त्याला. मोतीबिंदू हाय. पावलं ऐकून ओळखतो ती काय विद्या नाय. डॉक्टरकडं चला म्हटलं तर म्हणतो, सीझन होऊ दे. डोळा बांधला तर कारखान्यात पोरं पळतील म्हणतो. पण तुझ्या बुटांना मला हात नाय लावू दिला. दार लावून बसला होता."

हे मी परतल्यावर, शिबिरातल्या खोलीत बसून लिहितेय. इथून जोहे फार लांब आहे. इथल्या जेवणात तांदळाची भाकरी नाही आणि सगळी मुलं सारखी पळत असतात. बूट खाटेखाली आहेत. नवे मिळाले, पण हे मी टाकले नाहीत.

मामा, हे तुला मामी वाचून दाखवेल, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस. गणपती झाले, सीझन संपला की मी येते. तुला पेणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेणार आहे, हाताला धरून, तुझ्याच चालीने. तुझा डोळा बांधलेला असेल तितके दिवस दारात मी उभी राहीन. एकालाही पळू देणार नाही. आणि हा डाव्या बुटाचा डोळा मी कुणाला पुसू दिलेला नाही. पट्टी निघाली की पहिलं काम तेवढं कर. तुझा तूच सरळ कर.